युरोपीय प्रेक्षक, आपण आणि आमच्या सूनबाई

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, चौबे कॉलोनी, रायपूर येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा 'युरोपीय प्रेक्षकास आपले चित्रपट व नाटके कशी दिसतात' असे सांगून आम्ही मोकळे झालो. त्यावर त्यांनी मोठ्या आदराने विचारले, "साहेब, आपण युरोपास केव्हा गेला होता?" आम्ही गेलेलो नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या. पण त्यांची धाव बिलासपूर, जबलपूर आणि नागपूर यांपलीकडे गेली नाही. विद्वत्ता म्हणाल तर बी. ए.पुरती. तेव्हा हे भाषण पंडिताचे नसून तिकीट काढून खुर्चीत बसणाऱ्याचे आहे, असे समजून ऐकून घ्यावे.

प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम'चा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो आहो. आमच्या घरी तर ही गोष्ट सणासुदीला निघे, आणि ती सांगताना वडिलांचा स्वर असा काही चढे की जणू पागनीसांना नव्हे, आमच्याच घराण्याला ते मानपत्र मिळाले होते! परंतु एक गोष्ट वडील कधी सांगत नसत. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला होता. दामले-फत्तेलाल यांचे मोल ओळखावयास आपल्या माणसांना व्हेनिसची वाट पाहावी लागली नव्हती. असे असता आपण अभिमानाने सांगतो ते व्हेनिसचे नाव. मुंबईच्या त्या प्रेक्षकाचे नव्हे.

बरे, हा युरोपीय प्रेक्षक सर्वज्ञ आहे काय? 1956 साली कान येथे 'पथेर पांचाली' दाखविला गेला. पुढे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो तेव्हा समीक्षक होते. हाताने जेवणारे खेडूत आपल्याला पाहावयाचे नाहीत, असे म्हणून ते अर्ध्यावर उठून गेले, असे सांगतात. त्याच महोत्सवात त्याच चित्रपटाला मानवी जीवनाचा उत्कृष्ट दस्तऐवज म्हणून पारितोषिक मिळाले. म्हणजे एकाच गावी, एकाच चित्रपटाविषयी, दोन युरोपीय मते. मग आपण शिरसावंद्य मानायचे ते कोणते?

आमच्या कचेरीत दरवर्षी लेखापरीक्षक येतात. बाहेरून आलेल्या या गृहस्थांना कचेरीतल्या अडचणी ठाऊक नसतात. कोण माणूस प्रामाणिक, कोण कामचुकार, हेही ठाऊक नसते. त्यांचे निम्मे आक्षेप वाचून आम्हांला हसू येते. पण उरलेल्या निम्म्यांत एखादी अशी पावती निघते की जी वर्षभर आमच्या टेबलावर असून आम्हांला दिसलेली नसते. परक्या समीक्षकाचे मत आम्ही याच हिशेबाने वाचतो. ते प्रशस्तिपत्रही नाही आणि अपमानही नाही.

अपमानाचे म्हणाल तर 1980 सालचे 'घाशीराम कोतवाल' आठवा. तेंडुलकरांचे ते नाटक 1972 पासून गाजत होते, त्यावर वादही झाले होते. पण थिएटर अकादमीचा संघ युरोपास निघाला तेव्हा वाद नव्याने पेटला व प्रकरण न्यायालयात गेले. परक्यांसमोर नाना फडणविसांची, पर्यायाने आपली, बदनामी होईल ही धास्ती! पुण्यात चालले ते बर्लिनमध्ये का चालू नये? घरातील भांडण शेजाऱ्याने ऐकू नये, हाच न्याय. संघ अखेर गेला आणि प्रयोगही झाले. नानांचे थोरपण त्याने रतिभरही घटले नाही, असे आमचे मत आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांच्याशी चहाच्या वेळी बोलूच.

आता आपल्या या शहराची गोष्ट. हबीब तन्वीर रायपूरचेच. जन्म 1923 चा. खेड्यापाड्यांतील नाचा कलावंतांना घेऊन त्यांनी छत्तीसगढीत उभे केलेले 'चरणदास चोर' 1982 साली एडिंबरो येथे फ्रिंज फर्स्ट पारितोषिक घेऊन आले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. नाचा म्हणजे खेडवळांचा तमाशा, सभ्य घरांतील मुलांनी पाहू नये, अशी आमच्या घरची शिस्त. एडिंबरोची बातमी आली आणि शिस्त सैल झाली! स्कॉटलंडच्या लोकांनी पसंत केल्यावर आमच्या मराठी घराला आपल्या गावची भाषा ऐकण्याजोगी वाटली, हे आज सांगताना लाज वाटते. पण तसे झाले खरे.

हे सर्व आठवण्याचे कारण निराळेच आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाला 2014 साली व्हेनिसला दोन पारितोषिके मिळाली. त्यातील लोकशाहिराचे काम आपल्या शेजारच्या नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. 2021 च्या साथीत ते गेले. शाहिराच्या गाण्याने एका गटार-कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला. कॅमेरा जागचा हलत नाही, तारखांमागून तारखा पडतात. आमच्या परिचितांपैकी कित्येकांनी तो 'फार संथ' म्हणून अर्ध्यावर सोडला. युरोपीय प्रेक्षकाला मात्र त्या संथपणातच आपली न्यायव्यवस्था दिसली.

गेल्या दिवाळीत हा चित्रपट आम्ही घरी पाहिला. सूनबाई शेजारी होत्या. त्या छत्तीसगढी घरातल्या. मराठी समजू लागली आहे, तरी चित्रपट पाहताना खालच्या इंग्रजी ओळी वाचतात. म्हणजे व्हेनिसच्या प्रेक्षकाप्रमाणेच. चित्रपटातील सरकारी वकीलबाई घरच्यांसह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर मुलीने घरी आणलेल्या परप्रांतीय तरुणाला बाप बाहेरून आलेल्यांविषयी वाटेल ते बोलून हाकलून देतो, आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणते. आम्हीही, सवयीने म्हणा, हसलो.

सूनबाईंनी विचारले, "बाबा, ये लोग ताली क्यों बजा रहे हैं?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, आम्हांला उत्तर सुचले नाही. आपल्यापैकी काहींची घराणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत येथे आली, काहींची रेल्वेबरोबर, काहींची नोकरीनिमित्त. येथे परप्रांतीय कोण, तर आपणच! पन्नास वर्षे हे मंडळ येथे चालते, गणपती बसतो, नाटके होतात. कोणी आपल्याला हाकलले नाही. व्हेनिसच्या प्रेक्षकाला त्या टाळ्यांत एक माहिती मिळाली असेल. मुंबईच्या प्रेक्षकाला कदाचित थोडा चिमटा बसला असेल. रायपूरच्या मराठी माणसाला मात्र त्या दृश्यात दोन्ही जागी स्वतःच बसलेले दिसावयास हवे होते. आम्हांला ते दिसले नाही, सूनबाईंनी दाखविले.

मागील महिन्यात मंडळाच्या नाटकाला त्या आमच्याबरोबर तिसऱ्या रांगेत होत्या. येथे खाली ओळी उमटत नाहीत, म्हणून आम्ही कानात कुजबुजत होतो आणि मागच्या रांगेतील मंडळी 'शूः' करीत होती. त्यांचेही बरोबरच होते. मध्यंतरात पाहिले तर अशा कुजबुजणाऱ्या जोड्या आणखी चार होत्या. दोघींत नातवंडेच आजीला विचारीत होती.

तेव्हा कार्यकारिणीस विनंती अशी की, यापुढे प्रत्येक नाटकाच्या वेळी हिंदीतून एकपानी कथासार छापून दारात द्यावे. चारशे प्रतींचा खर्च काढून तो कागद आम्ही आजच चिटणीसांच्या हाती दिला आहे.