गुरुवारची सुट्टी

(वसईतील घरकामगार महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी नाचाबद्दल बोलणार आहे. घरकामगारांच्या मेळाव्यात नाच कशाला, असं काही जणींना वाटेल. थोडं ऐकून घ्या, मग ठरवा.

मागे आपल्या गटातल्या काही जणी इथल्याच एका ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनला गेल्या होत्या. बँड वाजत होता, जोड्या जाईव्ह करत होत्या. सासू नाचत होती, सूनही नाचत होती. परतताना एक जण मला म्हणाली, “ताई, नाच छान होता. पण नको वाटलं तर बाईला हात सोडता येतो का हो?”

उत्तर शोधता शोधता मी पार न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोचले. कारण जाईव्हचं मूळ तिथे आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या काळ्या तरुण-तरुणींनी ‘लिंडी हॉप’ नावाचा नाच घडवला. स्विंग संगीतावरच्या नाचांतला हा सगळ्यात गाजलेला. वॉल्ट्झसारख्या नाचात बाई बहुतेक वेळ पुरुषाच्या मिठीतच फिरते. इथे दोघं झोका घेतल्यासारखी एकमेकांपासून लांब जातात. एकच हात धरलेला असतो, कधी तोही सुटतो. तेवढ्या वेळात ती आपल्या मनाची पावलं टाकते. म्हणजे हात सोडता येतो, आणि सोडला म्हणून नाच मोडत नाही.

ब्लूजवरचा नाच याहून जुना आणि संथ. अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, पण दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचे हाल संपले नाहीत. दिवसभर राबून ते रात्री गुत्त्यावर नाहीतर कुणाच्या घरी जमत आणि दाटीवाटीत जवळजवळ जागच्या जागी नाचत. त्यांच्यातली लाखो माणसं पुढे पोटासाठी उत्तरेच्या शहरांत आली. हार्लेममध्ये खोलीचं भाडं भरायची अडचण आली की लोक घरातच नाच ठेवत. येणाऱ्यांकडून दारात थोडे थोडे पैसे घेत आणि भाडं भरत. आपल्या भिशीसारखाच हा एकमेकांना दिलेला आधार.

लिंडी हॉपचं माहेर म्हणजे सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह. ते १९२६ मध्ये उघडलं, १९५८ मध्ये बंद झालं. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात काळ्या कलावंतांनी नाचायचं आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनी बघायचं, असा रिवाज होता. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. आणि तिथल्या गुरुवारच्या रात्रीला नाव होतं ‘किचन मेकॅनिक्स नाइट’. स्वयंपाकघरातले मेकॅनिक म्हणजे कोण? तुम्हीच! मालकांच्या घरी राहून राबणाऱ्या मोलकरणींना गुरुवारी सुट्टी मिळायची. त्या रात्री त्या नटूनथटून स्वतःसाठी नाचायला येत.

हे सगळं बायकांच्या मुक्तीचं चित्र होतं, असं मी म्हणणार नाही. पुरुषाने पुढाकार घ्यायचा आणि बाईने साथ द्यायची, हा रिवाज तिथेही होता. १९३५ मध्ये जोडीदारणीला हवेत उलटी उडवण्याची करामत फ्रँकी मॅनिंग यांनी केली. त्यांचं नाव जगभर झालं. पण प्रत्यक्ष उडी घेणाऱ्या फ्रीडा वॉशिंग्टनचं नाव किती जणांना माहीत आहे? नॉर्मा मिलर मात्र विसरली गेली नाही. लहानपणी ती सॅव्हॉयबाहेरच्या फुटपाथवर नाचायची. पुढे ती मोठी नर्तकी झाली, तिने स्वतःची कहाणी स्वतः लिहिली, आणि २०१९ मध्ये ९९ व्या वर्षी ती गेली.

हा ताल आपल्याकडेही आला. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात काळे अमेरिकन वादक वाजवत. गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं. त्यांतले ‘चिक चॉकलेट’ सी. रामचंद्रांबरोबर सिनेमात काम करू लागले. १९५१ च्या ‘अलबेला’त त्या संगीतावर नाचले ते गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा. ज्यांनी ताजची पायरी कधी चढली नाही, त्यांनीही त्या तालावर पाय धरला. तिकडे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी हार्लेमचा नाच इंग्लंडला नेला. तिथे त्याला वळण लागलं, आणि आपल्या लग्नांत दिसतो तो जाईव्ह घडला.

आता आपल्याकडे वळू. बैठकीत आपण दिवसाच्या चोवीस तासांचं घड्याळ काढतो. विरार-नालासोपाऱ्याच्या बायकांच्या घड्याळात धुणी, भांडी, लोकल, पाणी, स्वयंपाक असतो. ‘माझा वेळ’ म्हटलं की खडू थांबतो. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ दिलं, पण आठवड्याची सुट्टी दिली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती द्या म्हणतो. त्याला भारताने मान्यता दिलेली नाही.

सुट्टी मागितली की मालकीण विचारते, “काय काम आहे?” काम असलं तरच सुट्टी! दवाखाना, शाळा, मयत, एवढीच कारणं चालतात. “मला बसायचंय, हसायचंय, नाचायचंय,” हे कारण का चालू नये?

आपल्या मैत्रिणीने विचारलं होतं, हात सोडता येतो का. नाचात येतो. आठवड्यातून एक दिवस भांड्यावरचा हातही सोडता आला पाहिजे, आणि तोही पगार न कापता. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एवढंच लिहून आणावं: कुणाला किती सुट्ट्या मिळतात, त्यांतल्या किती पगारी, आणि कोणता वार हवा. आपली मागणी त्या यादीपासून सुरू होईल.