वाचता आले, पण समजले का?

(वसतिगृहाच्या वार्षिक साहाय्यक मेळाव्यात इंग्रजीच्या शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहातल्या मुलींच्या इंग्रजीच्या प्रगतीबद्दल बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. प्रगती सांगण्याआधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचे काही आपल्याला पटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी याच मेळाव्यात आठवीच्या एका मुलीने इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचून दाखवले होते. कुठे अडखळली नाही. आपण टाळ्या वाजवल्या, तिला बक्षीसही दिले. त्याच सहामाहीत उताऱ्यावरील प्रश्नांना मी तिला 20 पैकी 18 गुण दिले होते.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री पाचवीच्या एका मुलीला जुलाब सुरू झाले. गृहमाता दुसऱ्या आजारी मुलीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. घरात जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे मोठे पाकीट होते. त्यावरच्या सूचना इंग्रजीत. मी आठवीच्या त्या मुलीला म्हटले, “वाच गं, आणि तयार कर.” तिने मोठ्याने, स्वच्छ उच्चारात सगळे वाचले. मग एक पेला पाणी घेतले आणि अख्खे पाकीट त्यात ओतले.

ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी होते. एका पेल्यात ते घातले की मीठ प्रमाणाबाहेर जाते. जुलाबाने आधीच सुकलेल्या मुलाच्या जिवाला अशा पाण्याने धोका होऊ शकतो. पेला धाकटीच्या हातात जाण्याआधी माझे लक्ष गेले, म्हणून बरे झाले. मी विचारले, “अगं, पाणी किती घ्यायला सांगितलंय?” ती म्हणाली, “बाई, ते लिहिलंय ना, वन लिटर.” मी विचारले, “मग वन लिटर म्हणजे किती?” ती गप्प राहिली. तिला शब्द वाचता येत होता. शब्द म्हणजे एक संपूर्ण बाटली पाणी, हे तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

त्या रात्री मी तिची जुनी उत्तरपत्रिका काढून पाहिली. दोष तिचा नव्हता. माझ्या प्रश्नांचा होता.

कसा ते दाखवते. मी आता एक वाक्य म्हणते, नीट ऐका. “चिंगट्या गुळप्याने रमडीवर तीन भोपशे टमकवले.” आता सांगा, भोपशे किती होते? बरोबर, तीन. कुणी टमकवले? गुळप्याने. कुठे? रमडीवर. शाबास! आपल्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आता सांगा, आपल्याला समजले काय?

आपण हसलात, पण माझे प्रश्न नेमके असेच होते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ती ओळ उतरवून काढायची. मुली हुशार असतात. त्यांनी ही युक्ती स्वतःच शोधलेली असते, आणि आम्ही शिक्षक तिला आकलन म्हणतो.

आपल्या मुलींची वाट किती लांबची आहे, तेही लक्षात घ्या. नवापूर भागातली मुलगी घरी मावची बोलते, वरच्या धडगाव भागातली पावरी. शाळेत मराठी. बाजारात हिंदी, आणि नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, म्हणून गुजरातीही कानावर पडते. त्यानंतर इंग्रजी. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे पुस्तक सहाव्या वर्षीच हाती येते. पण गोष्टीचे इंग्रजी वेगळे आणि माहितीचे इंग्रजी वेगळे. गोष्टीत कोल्हा असतो, विहीर असते, पुढे काय होणार याचा अंदाज करता येतो. औषधाच्या पाकिटावर, बँकेच्या अर्जावर, विज्ञानाच्या धड्यात अंदाज चालत नाही. तिथे ‘ओन्ली’, ‘विदिन’, ‘अनलेस’ असे लहान शब्दच सगळा अर्थ फिरवतात.

मग आम्ही तपासणीची पद्धत बदलली. मी पाकिटावरच्या सूचना सोप्या इंग्रजीत आठ ओळींत लिहिल्या आणि त्यांच्यावर वेगळे प्रश्न काढले.

पहिला प्रश्न: आपल्या 200 मिलिलिटरच्या पेल्याने मोजले, तर किती पेले पाणी लागेल? पाच हा आकडा उताऱ्यात कुठेच नाही. लिटर कळला तरच तो येतो.

दुसरा: काल संध्याकाळी सातला केलेले पाणी आज रात्री नऊला देता येईल का? उताऱ्यात फक्त एवढेच होते की तयार पाणी 24 तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. मुलीला ती ओळ घड्याळाशी जोडावी लागते.

तिसरा: हे पाणी उसाच्या रसात मिसळून द्यावे, असे उताऱ्यात म्हटले आहे का? म्हटलेले नव्हते. आपल्या मुलांना वाटते की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात असलेच पाहिजे. “हे इथे सांगितलेलं नाही,” असे म्हणण्याचे धैर्य हीसुद्धा समज आहे.

आणि चौथा प्रश्न कागदावर नव्हताच. समोर पाकीट, बाटली, पेला आणि चमचा ठेवला आणि म्हटले, “करून दाखव.”

निम्म्याहून जास्त मुली पहिल्याच प्रश्नाला थांबल्या. मला वाईट वाटले, पण पहिल्यांदा खरे काय ते कळले.

आणखी तीन नियम आम्ही स्वतःला घालून घेतले. एक, उत्तर कोणत्याही भाषेत चालेल. वाचन तपासायचे असेल तर त्यात लेखनाची परीक्षा घुसडायची नाही. ‘असर’ हे सर्वेक्षण 2005 पासून गावोगाव मुलांचे वाचन तपासते. त्यांच्या इंग्रजी तपासणीतही मुलाने वाचलेल्याचा अर्थ त्याच्याच भाषेत विचारतात. मावचीत बरोबर सांगितले, तर ते बरोबरच. मला मावची पुरती येत नाही, म्हणून अकरावीची एक ताई शेजारी बसते.

दोन, उतारा देण्याआधीच प्रश्न विचारून पाहायचे. मोहाच्या फुलांवर उतारा दिला, तर आमच्या मुली न वाचताच सगळे सांगतील. ती त्यांची माहिती झाली, वाचन नव्हे. उलट भुयारी रेल्वेवर उतारा दिला, तर वाचता येणारी मुलगीही अडेल, कारण तिने ती पाहिलेली नाही. विषय ओळखीचा, पण माहिती नवी, असा उतारा शोधावा लागतो.

तीन, मुलगी अडली तर तोच मजकूर तिला मराठीत द्यायचा. मराठीत समजला, तर अडचण इंग्रजी शब्दांची आहे; शब्द शिकवायचे. मराठीतही अडली, तर दोन ओळी जोडून विचार करायचे शिकवायचे. आणि मराठीच परकी वाटत असेल, तर आधी तिच्या घरच्या भाषेत बोलायचे. औषध तीन प्रकारचे आहे; रोग न ओळखता मी वर्षानुवर्षे सगळ्यांना एकच देत होते: “पुन्हा मोठ्याने वाच.”

प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायातला तो परदेशी अधिकारी आपल्याला ठाऊक आहे. तो रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्पाने त्याच्या वाचनाचे कौतुक केले नाही. समजते आहे का, एवढेच विचारले. त्यानेही प्रामाणिकपणे सांगितले की कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार. मग फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला. मला वाटते, परीक्षा घेण्याची हीच रीत आहे. गुण देऊन पुढे जायचे नाही, शेजारी बसायचे.

म्हणून आपल्याकडे माझी तीन मागणी आहेत. आपण भेटीला याल तेव्हा मुलींकडून पान वाचून घेऊन लगेच टाळ्या वाजवू नका. “यात काय सांगितलंय? मला तुझ्या शब्दांत सांग,” असे विचारा आणि ती विचार करत असेल तितका वेळ गप्प बसा. दुसरे, गोष्टीच्या पुस्तकांबरोबर माहितीची पुस्तके द्या: पक्षी, शरीर, पाणी, यंत्रे, नकाशे, चित्रे आणि तक्ते असलेली. तिसरे, ज्यांना शनिवारी दोन तास देता येतील त्यांनी नाव नोंदवावे. एका वेळी एकाच मुलीशेजारी बसायचे असते, आणि आम्ही फक्त दोघी आहोत.

ती आठवीतली मुलगी आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात धाकट्या मुलींची तपासणी तिनेच घेतली. छोट्या पाकिटावर, जे एका पेल्यासाठी असते, एक मुलगी लिटरभर पाणी ओतू लागली. हिने तिचा हात धरला नाही, उत्तरही सांगितले नाही. पाकीट तिच्यापुढे धरून म्हणाली, “बाटली खाली ठेव, आणि हे मला तुझ्या बोलीत सांग.”

त्या धाकटीने पुन्हा वाचले, थोडा वेळ थांबली, आणि पेला उचलला.