बाबांचे बँडसॉ मशीन
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कोकणात आपले पूर्वज शनिवार तेली, घाणा चालवणारे. पुढे मुंबईत आपल्यापैकी पुष्कळांनी सुतारकाम धरले. आमचे बाबा त्यांतलेच. इस्राएलात आल्यावर त्यांनी इंग्रजी बनावटीचे, बिडाचे, माणसाएवढे उंच बँडसॉ मशीन जुने विकत घेतले. त्याच्यावर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली, नर्सिंगचा डिप्लोमासुद्धा. बाबांच्या मागे ते गंजत पडले. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा आम्ही ते दुरुस्त करायचे ठरवले.

बँडसॉ म्हणजे दोन मोठी चाके आणि त्यांवरून फिरणारे करवतीचे अखंड पाते. पूर्वी पात्याचा सांधाच टिकत नसे. १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच बाईंनी तो पक्का जोडण्याची रीत काढली. हे वाचून आम्हा बहिणींना विशेष आनंद झाला!

खोलण्याआधी आम्ही प्रत्येक भागाचा फोटो काढला, बोल्ट डब्यांत घालून वर नावे लिहिली. अडकलेल्या बोल्टांवर हातोडा मारला नाही, कारण बीड वाकत नाही, तडकते. तेल सोडून दोन दिवस थांबलो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो मास्क लावून, ओला करूनच खरवडला. चाकांवरचे भेगाळलेले रबर बदलले. ते मधोमध किंचित फुगीर असते, म्हणून पाते जागेवर धावते. बेअरिंग नवी घातली. मोटारीचे वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतले.

वाद झाला तो झाकणांवरून. मूळ यंत्राची चाके उघडीच होती. धाकटे बंधू म्हणाले, बाबांनी वापरले तसेच राहू द्या. पण बाबांच्या डाव्या हाताचे एक बोट अर्धेच होते. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटे. पुढे कॅज्युअल्टीत आम्ही परिचारिकांनी रुमालात हात गुंडाळून आलेले सुतार पाहिले, तेव्हा ती गंमत उरली नाही. शेवटी बंधूंनीच पत्रा कापून झाकणे बसवली. भुसा ओढणारा पाइपही जोडला, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे.

यंत्राचे रूप थोडे बदलले, हे खरे. परंतु नातवंडांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल, तीच आमच्या मते खरी जपणूक. गेल्या महिन्यात आपल्या सिनेगॉगच्या दोन मोडक्या बाकांच्या फळ्या ह्याच मशीनवर कापल्या.

आपल्या घरी अशी हत्यारे असतील तर ती भंगारात घालू नका. मुलांना शिकवा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू देऊ नका, ते हात आत ओढतात. काम संपले की पात्याचा ताण सैल करा.