साठी आणि बुद्धि

"साठी बुद्धि नाठी" ही म्हण मराठी घरांत इतकी मुरली आहे कीं, तिच्यासाठीं पुरावा मागावा असें कोणासच वाटत नाहीं. आजोबा चष्मा कोठें ठेवला तें विसरले, आजींनीं एकच हकीकत दोनदां सांगितली, कीं घरांतील मंडळी एकमेकांकडे पाहून मंद हंसतात. पुढें बाजारहाट, जमाखर्च, पाहुण्यांची वास्तपुस्त हीं कामें एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतलीं जातात. "आतां तुम्हीं स्वस्थ बसावें" असें म्हणणाऱ्या सुनेच्या मनांत कांहीं वाईट नसतें. होतें तें मायेपोटींच. परंतु या स्वस्थ बसण्याचा मेंदूवर काय परिणाम होतो, याचा विचार अमेरिकेंतील एका विदुषीनें जन्मभर मोजमाप करून केला, आणि त्यांना मिळालेलें उत्तर या म्हणीस अनुकूल नाहीं.

शास्त्रज्ञही बराच काळ म्हणीच्याच बाजूचे होते. मज्जापेशींच्या रचनेचा थोर अभ्यासक, स्पेनचा रामोन इ काहाल, यास १९०६ सालीं गॉल्जी याच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. प्रौढ मनुष्याच्या मेंदूंतील मार्ग एकदां आंखले गेले कीं ते कायमचे, तेथें क्षय होईल पण पुनर्घटना होणार नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें. एवढ्या अधिकारी पुरुषाचा शब्द पुढील पिढ्यांनीं प्रमाण मानला यांत नवल नाहीं.

मेरियन डायमंड यांचा जन्म १९२६ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. शरीररचनाशास्त्र हा त्यांचा विषय. बर्कली येथील विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं १९५३ सालीं मिळविली व पुढें तेथेंच त्या अध्यापन व संशोधन करूं लागल्या. त्या वेळीं क्रेच व रोझेन्झ्वाइग हे मानसशास्त्रज्ञ आणि बेनेट हे रसायनशास्त्रज्ञ तेथें उंदरांवर एक साधा प्रयोग करीत होते. एकाच कुळांतील कांहीं उंदरांना ऐसपैस पिंजरा, दहाबारा सोबती, शिड्या, चाकें, बोगदे. आणि हीं खेळणीं वरचेवर बदलावयाचीं. दुसऱ्या कांहींना लहान पिंजऱ्यांत एकांतवास. अन्नपाणी मात्र दोघांसही सारखें, पोटभर. डायमंडबाईंनीं या उंदरांच्या मेंदूंचे पातळ काप केले, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवले आणि मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी मोजली. सोबतींत वाढलेल्यांचें पटल सुमारें ६ टक्के अधिक जाड भरलें. पाहुणे आले म्हणून घराची भिंत जाड होत नाहीं. येथें मात्र जवळजवळ तसेंच घडलें होतें.

१९६४ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढें एका विद्वत्सभेंत बाईंनीं हे आंकडे मांडले, तेव्हां एक गृहस्थ उभे राहिले आणि मेंदू असा बदलूं शकत नाहीं म्हणून त्यांनीं ठणकावून सांगितलें. प्रयोग दुसऱ्यांदा करून पाहिला आहे व फळ तेंच आलें आहे, एवढेंच बाईंनीं उत्तर दिलें.

पटल जाड होतें म्हणजे नेमकें काय होतें? तेथील मज्जापेशींची संख्या वाढत नाहीं. पेशी आकारानें मोठ्या होतात, त्यांना अधिक शाखा फुटतात, आणि त्यांचें पोषण-रक्षण करणाऱ्या ग्लिया नांवाच्या पेशींची भर पडते. वडाच्या झाडाचा पसारा नवीं रोपें न लावतांही पारंब्यांनीं वाढतो, तसाच हा प्रकार. उलट, एकांतांतील उंदरांचें पटल पातळ होतें. कंटाळा ही नुसती मनाची तक्रार नव्हे; ती सूक्ष्मदर्शकाखालीं दिसते.

खरी कसोटी पुढेंच होती. तरुणाचा मेंदू बदलतो हें मान्य केलें, तरी वृद्धाचें काय? प्रयोगशाळेंतील उंदराचें आयुष्य दोनतीन वर्षांचें. म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग करावयाचा तर आधीं ते जगले पाहिजेत, आणि बाईंचे उंदीर सुमारें ६०० दिवसांपुढें टिकत नव्हते. तेव्हां पिंजरे साफ करतांना प्रत्येक उंदरास हातीं घेऊन क्षणभर अंगाशीं धरावयाचें, असा परिपाठ त्यांनीं घातला. आणि उंदीर अधिक जगूं लागले. शास्त्रीय निबंधांत मायेस स्वतंत्र रकाना नसतो, पण तिचें काम तेथेंही अडत नाहीं. मग ७६६ दिवसांचे नर उंदीर त्या गजबजलेल्या पिंजऱ्यांत सोडले, आणि ९०४ व्या दिवशीं त्यांचे मेंदू तपासले. साध्या पिंजऱ्यांतील समवयस्कांपेक्षां त्यांचें बाह्यपटल जाड झालें होतें. हा निबंध १९८५ सालचा.

याच परंपरेंतील आणखी एक प्रयोग १९७५ सालीं बेनेट व रोझेन्झ्वाइग यांच्या प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध झाला. मोठ्या पिंजऱ्याच्या आंतच जाळीचे लहान पिंजरे ठेवून त्यांत एकेक उंदीर कोंडला. त्याला भोंवतालचा सगळा खेळ दिसे, आवाज ऐकूं येई, वासही येई. शिवतां मात्र कशालाच येत नसे. या प्रेक्षकांच्या मेंदूंत वाढ दिसून आली नाहीं. कोपऱ्यांतील आरामखुर्चीवरून घरांतील वर्दळ नुसती पाहाणाऱ्या वृद्धाची येथें आठवण होते. आणि नभोवाणीवरील भाषण नुसतें ऐकणाऱ्याचीही, हें कबूल करणें भाग आहे.

मात्र उंदरांवरून माणसांबद्दल बोलतांना पाऊल जपून टाकावें लागतें. १९०६ सालीं अलॉइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें एका स्त्रीची हकीकत विद्वानांपुढें ठेवली. १९०१ सालीं ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत आली तेव्हां तिचें वय अवघें ५१ होतें. स्मृति मात्र ढासळली होती. तिच्या मेंदूंत पेशींबाहेर गुठळ्या व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता आढळला. हें वार्धक्य नव्हे, हा रोग आहे. आणि खेळण्यांनीं वा गप्पागोष्टींनीं तो बरा होत नाहीं. ज्या घरांत तो शिरला आहे, तेथें "यांनीं डोकें चालविलें नाहीं म्हणून असें झालें" असा ठपका रुग्णावर ठेवणें हा निव्वळ अन्याय होय. नेहमींची वाट चुकूं लागली, पैशाचा साधा हिशेब जुळेनासा झाला, तर म्हणीवर न विसंबतां डॉक्टरांस दाखवावें.

तथापि रोग आणि बुद्धि यांचा हिशेबही सरळ नाहीं. डेव्हिड स्नोडन यांच्या अभ्यासांत ६७८ वृद्ध ख्रिस्ती जोगिणींनीं मरणोत्तर आपला मेंदू देण्यास संमति दिली होती. त्यांतील एक शिक्षिका १०१ वर्षांच्या होऊन वारल्या. बुद्धीच्या कसोट्यांत त्या अखेरपर्यंत चांगल्या उतरत. मेंदूंत मात्र आल्झायमरच्या खुणा विपुल सांपडल्या. अर्थात् एका व्यक्तीवरून नियम बांधतां येत नाहीं. हीच हरकत डायमंडबाईंच्या सर्वांत गाजलेल्या निबंधासही लागू पडते. आइन्स्टाइनच्या मेंदूचे चार लहान तुकडे मिळवून त्यांची तुलना त्यांनीं ११ पुरुषांच्या मेंदूंशीं केली, आणि एका भागांत ग्लिया पेशींचें प्रमाण अधिक असल्याचें १९८५ सालीं सांगितलें. वर्तमानपत्रांनीं तें उचलून धरलें. पण एका मेंदूवरून प्रतिभेचें रहस्य उलगडतें असें मानणें घाईचें होतें, आणि टीकाकारांनीं तें बोलूनही दाखविलें. बाईंचें खरें काम त्या म्हाताऱ्या उंदरांचें.

बर्कलींत वर्गावर जातांना त्या हातांत टोपी ठेवण्याची फुलाफुलांची पेटी घेऊन येत. झांकण उघडून हातमोजे घातलेल्या हातांनीं त्या आंतून खराखुरा मानवी मेंदू बाहेर काढीत आणि विद्यार्थ्यांसमोर धरीत. हा पाठ वर्षानुवर्षें चालला. २०१४ सालीं त्यांनीं अध्यापन थांबविलें, तेव्हां त्यांना ८७ वें वर्ष होतें. २०१७ च्या जुलैंत त्या निवर्तल्या.