गावाची बैठक आणि समुद्राकडची वाट

आज आम्ही दोघी जावा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तिथलं काहीतरी सांगा." आम्ही हो म्हटलं, पण मनात धाकधूक होती. कारण आम्हाला सांगायचंय ते सुरू होतं एका पबपासून. पब म्हणजे जिथे दारू मिळते ती जागा. आणि आठ वर्षांपूर्वी आपल्या गावात बाटली आडवी करायला दारोदार फिरलेल्या बायकांत आम्हीच पुढे होतो. आमचा मधला दीर दारूपायी गेला. तेव्हा आमचं बोलणं शेवटपर्यंत ऐका आणि मग काय ते ठरवा.

आमची लेक वेल्समध्ये बांगोर नावाच्या गावी नर्स आहे. वेल्स हा इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ, चिमुकला देश. त्याला तीन बाजूंनी पाणी. तिथली स्वतःची भाषा आहे, वेल्श, आणि ती इंग्रजीपेक्षा अगदी वेगळी. लेकीला चार दिवस रजा मिळाली, तशी ती म्हणाली, "आई, काकू, शहर नको. तुम्हाला समुद्राकाठचं एक खेडं दाखवते." बांगोरच्या पश्चिमेला समुद्रात हात पुढे केल्यासारखी एक चिंचोळी जमीन गेली आहे. तिला ल्लीन म्हणतात. तिथल्या ल्लिथव्हाइन नावाच्या गावात एका घरी आम्ही खोली घेतली.

पहिल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "जेवायला पबमध्येच जायचं, गावात दुसरी सोय नाही." आम्ही दोघी दारातच थबकलो. डोक्यावरचा पदर सारखा केला. आत गेलो तर काय, एका कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या गप्पा मारतायत, एक आई पोराला भरवतेय, टेबलाखाली कुत्रा झोपलाय. पेले हातात घेतलेले पुरुषही होते, ते आम्ही लपवत नाही. पण आरडाओरडा नाही, झिंगणं नाही. आम्हाला पाहून एक बाई उठली आणि तिनं विचारलं, "पानेद?" आम्हाला वाटलं पान देतेय! पानेद म्हणजे कपभर चहा. आम्ही चहा घेतला, भाज्यांचं गरम सूप आणि पाव घेतला, आणि हळूहळू पाठ टेकून बसलो.

मग लेकीनं त्या जागेची गोष्ट सांगितली. त्या पबचं नाव ताव्हार्न अ व्हिक. व्हिक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं लाडकं रूप. १९८८ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र येऊन तो चालवायला घेतला. कुणा एका शेठचा नाही, गावाचा. सहकारावर चालणाऱ्या युरोपातल्या सगळ्यात जुन्या पबांमध्ये त्याची गणना होते. तिथं गाणी होतात, सभा होतात, पावसाळी संध्याकाळी माणसं एकमेकांना भेटतात. एका खेड्यानं एवढा खटाटोप का केला असेल? आम्ही तोच विचार करत झोपलो. झोपलो म्हणायचं इतकंच, कारण जून महिना होता आणि रात्री पावणेदहाला अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी चालायला निघालो. गावामागे तीन सुळक्यांचा डोंगर आहे, नाव अर आइव्हल. इंग्रजांनी ते नाव ऐकलं आणि त्याचं "रायव्हल्स" करून टाकलं, म्हणजे एकमेकांचे वैरी! बिचाऱ्या डोंगरांचं काही भांडण नव्हतं. आपल्याकडच्या गावांचीही नावं अशीच बिघडली की नाही?

त्यातल्या एका सुळक्यावर त्रेर केइरी नावाची जुनी वस्ती आहे. अर्थ, राक्षसांचं गाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथं माणसं राहत होती. दीडशेच्या आसपास दगडी घरांचे गोल पाये अजून दिसतात, आणि भोवतीची गडगा रचल्यासारखी भिंत काही ठिकाणी माणसापेक्षा उंच आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आम्ही एका घराच्या आत जाऊन उभ्या राहिलो. इथं कुणी चूल पेटवली असेल, कुणी लेकरू निजवलं असेल. इतक्यात धुकं आलं, आणि दहा पावलांवरचंही दिसेना. धाकटी घाबरली, मोठीचा गुडघा भरून आला. लेक म्हणाली, "हलू नका, आहात तिथेच बसा." अर्धा तास आम्ही भिंतीच्या आडोशाला बसून होतो. धुकं जसं आलं तसं गेलं, आणि खाली सगळी किनारपट्टी उघडी झाली. पिवळी फुलं, हिरवी कुरणं, त्यात मेंढरं, आणि पलीकडे निळा समुद्र. हवा फार स्वच्छ असली तर तिथून आयर्लंडचे डोंगरही दिसतात.

दुपारी खाली दरीत उतरलो. त्या दरीचं नाव नान्त ग्वर्थेर्न. उतार असा की आपला घाट बरा म्हणावा. मैत्रिणींनो, या दरीबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथं ग्रॅनाइट दगडाच्या खाणी सुरू झाल्या. दगडाचे चौकोनी ठोकळे फोडायचे, गलबतात भरायचे आणि लिव्हरपूल, मँचेस्टरच्या रस्त्यांवर बसवायला पाठवायचे. कामगारांसाठी दोन ओळींत घरं बांधली, प्रार्थनाघर बांधलं. बायका त्या चढावरून सामान वाहत असतील, कारण दुसरी वाट होती ती फक्त समुद्राची. पुढे रस्ते डांबराचे झाले, दगडाला मागणी उरली नाही. खाणी बंद पडल्या. एकेक घर रिकामं होत गेलं आणि १९५९ मध्ये शेवटचं कुटुंबही वर निघून गेलं. छपरं पडली. चिरेखाणीवर ज्यांची घरं चालली, त्या आपल्यातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

शेजारच्या ल्लानाइलहाइआर्न गावात कार्ल क्लोज नावाचे डॉक्टर होते. ते मँचेस्टरला वाढले आणि वेल्श भाषा मोठेपणी शिकले. त्यांच्या गावची शाळा बंद व्हायच्या बेतात होती. गावकरी लढले आणि शाळा वाचली. पण नुसती शाळा वाचून भागणार नव्हतं, कारण हाताला काम नसेल तर पोरं शाळेत येणार कुठून? म्हणून १९७४ मध्ये गावानं स्वतःची सहकारी संस्था काढली. लोकरीचं विणकाम, मातीची भांडी असे उद्योग सुरू केले. ब्रिटनमधली अशी ती पहिली गावसंस्था मानली जाते.

मग त्यांची नजर या ओसाड दरीकडे गेली. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यास काढला आणि १९७८ मध्ये पडकी वस्ती विकत घेतली. विचार असा, की इथं वेल्श भाषा शिकवायची. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी इथं येऊन राहायचं. म्हणजे भाषाही टिकेल आणि आसपासच्या लोकांना कामही मिळेल. छपरं पुन्हा चढली. आज तिथं घराघरात शिकणारे राहतात, खानावळ आहे, लग्नंसुद्धा लागतात.

लग्नावरून आठवलं. त्या दरीत रीस आणि मेइनिर या जोडप्याची दंतकथा सांगतात. तिथं जुनी रीत अशी, की लग्नाच्या सकाळी नवरीनं लपायचं आणि नवऱ्याच्या मित्रांनी तिला शोधून देवळात न्यायचं. मेइनिर लपली आणि कुणाला सापडलीच नाही. रीस वेडापिसा होऊन वर्षानुवर्षं शोधत राहिला. एका रात्री जुन्या ओक झाडावर वीज पडली, झाड दुभंगलं, आणि आतल्या पोकळीत नवरीच्या कपड्यातला सांगाडा दिसला. ऐकून आमच्या अंगावर काटा आला. धाकटी म्हणाली, "गावात अशा किती जणी असतील, जवळच असून कुणाला न दिसलेल्या."

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या वाटेनं पिस्तिल नावाच्या ठिकाणी गेलो. सबंध वेल्सच्या किनाऱ्यानं पायी जाण्याची वाट २०१२ मध्ये खुली झाली, चौदाशे किलोमीटरची. त्यातला थोडासा तुकडा आम्हीही चाललो. लाल चोचीचे कावळे पाहिले, कड्यावरच्या रानबकऱ्या पाहिल्या. पिस्तिलला समुद्राकाठी एक ठेंगणं, जुनं देऊळ आहे. एन्ली बेटाकडे जाणारे यात्रेकरू पूर्वी तिथं थांबत. या देवळात वर्षातून तीनदा, सणाला, जमिनीवर लव्हाळी आणि सुवासिक वनस्पती अंथरतात. आम्हाला आपलं सारवलेलं अंगण आठवलं.

परतताना अँगलसी बेटावरच्या ल्लानव्हाइरपुल्ल गावी गेलो. ब्रिटनमधलं पहिलं ग्रामीण महिला मंडळ १९१५ मध्ये तिथंच सुरू झालं. पहिलं महायुद्ध चालू होतं, घरोघरी अन्न कसं पिकवायचं आणि टिकवायचं हा प्रश्न होता. पुढे १९६७ मध्ये बाला गावाजवळच्या पार्क या खेड्यातल्या बायकांनी ठणकावलं, की कारभार आमच्या भाषेत करा, नाहीतर आम्ही वेगळ्या होतो. त्या वेगळ्या झाल्याच. त्यांच्या संघटनेचं नाव मेरखेद अ वाउर, म्हणजे पहाटेच्या लेकी. बँकेच्या कागदावर न वाचता सही करताना आपल्याला काय वाटतं, ते त्या बायकांना नक्की कळलं असतं.

तिथं सगळं गोड आहे असं मात्र नाही. सुंदर जागा म्हणून बाहेरचे पैसेवाले घरं घेतात, सुट्टीला येतात, बाकी वर्षभर कुलूप. गावच्या पोरांना घर परवडत नाही. म्हणून तिथल्या कौन्सिलनं २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर दीडशे टक्के जादा कर लावला. आपल्या वाडीतली कुलपं मात्र आपल्याच माणसांची आहेत, गणपतीत उघडणारी. पण संध्याकाळी दिवा न लागलेलं घर तिथं काय आणि इथं काय, सारखंच दिसतं.

आता आमच्या मनातलं सांगतो. बाटली आडवी केली याचा आम्हाला तिळभर पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा मतदान झालं तर पुन्हा आडवीच करू. पण त्या पबमध्ये बसल्यावर एक गोष्ट टोचली. आम्ही दुकान बंद केलं आणि त्या जागी काहीच उघडलं नाही. पुरुष शेजारच्या गावी जाऊ लागले. म्हातारी माणसं ओसरीवर एकटी बसतात. आणि आपण बायका? नळावर, एसटीच्या थांब्यावर किंवा गटाच्या हप्त्याच्या दिवशी तासभर, याखेरीज आपल्याला गावात बसायला जागा कुठं आहे? ल्लिथव्हाइनच्या लोकांनी वाचवली ती बैठक. आपल्याला बैठक हवी आहे, दारू नको.

परत आल्यावर आम्ही ग्रामसभेत विषय काढला. पंचायतीच्या जुन्या खोलीत मंडपाचं सामान पडलं आहे. ती आठवड्यातून दोन संध्याकाळी गटाला द्या, चहा आम्ही करू, दोन रुपये जास्त घेऊन विजेचं बिल भरू. एकानं विचारलं, "बायका तिथं बसून काय करणार?" सगळे हसले. आम्हाला उत्तर सुचलं नाही, विषय पुढच्या सभेवर गेला.

आता सुचलं आहे. बसून काय करणार, तर बसणार. एकमेकींना दिसणार. कुणाच्या मनात काय साठलंय ते वेळेवर ऐकू येणार. पुढच्या ग्रामसभेला आम्ही दोघी जाणार आहोत. दोघींचं हसण्यावारी नेतात, पण चाळीसजणी उठून उभ्या राहिल्या तर कुणी हसणार नाही. येताय ना?