प्रौढ अपंगांच्या ताटाचा प्रश्न

श्रोतेहो, अपंगांच्या साहाय्याचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुबड्या, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र अशा वस्तू उभ्या राहतात. या वस्तूंची गरज आहेच. परंतु त्या तीनचाकीवर बसणारा मनुष्य दुपारी काय जेवतो, ते त्याच्या प्रकृतीला मानवते की नाही, याची विचारपूस क्वचितच होते. आज या प्रश्नाची, आणि मुख्यतः त्यासाठी लागणाऱ्या पैशाची, थोडी उकल करण्याचा विचार आहे.

२०११ च्या शिरगणतीत आपल्या देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. यांपैकी लहान मुलांच्या आहाराची काही ना काही तरतूद आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे सहा वर्षांपर्यंतच्या मुलास अंगणवाडीत आहार मिळतो. १९९५ साली आलेली शाळेतील माध्यान्ह भोजनाची योजना पुढे आठवीपर्यंत पोचली. आठवी सुटली, की हे ताट उचलले जाते. धडधाकट मुलगा त्यानंतर कामाला लागून आपले पोट भरू शकतो. ज्याचे हातपाय वा बुद्धी साथ देत नाहीत, तो मात्र आईबापांच्या चुलीवर अवलंबून राहतो. आणि ती चूल त्यांच्याबरोबरच म्हातारी होत जाते.

शिवाय या मंडळींच्या आहाराच्या गरजा इतरांसारख्या नसतात. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसास एकाच जागी बसून शय्याव्रणे होतात. ती भरून येण्यास प्रथिने हवीत. त्याची हालचाल थोडी, म्हणून नुसत्या भातभाकरीच्या भरावर वजन वाढते, आणि वाढलेले वजन उचलून ठेवताना घरच्या माणसाची पाठ जाते. जन्मतः मेंदूला इजा झालेल्या कित्येकांना गिळणे कठीण पडते. त्यांचे अन्न मऊ व घट्टसर लागते, आणि एकेक घास धीराने भरवावा लागतो. आपण होऊन शौचास जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांना मूत्रमार्गाचे विकार जडतात. येथे स्वयंपाकीण, परिचारिका आणि व्यायाम शिकवणारा यांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. आहार आणि आरोग्य यांचा कार्यक्रम एकत्र आखावा तो यासाठीच.

आता पैशाकडे वळू. कायदा उदार आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारे साहाय्य तशाच योजनांतील इतरांच्या साहाय्यापेक्षा निदान २५ टक्क्यांनी अधिक असावे. कलम ३७ दारिद्र्यनिर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत ५ टक्के वाटा राखून ठेवते. व्यवहारात मात्र केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाचा मासिक वाटा ३०० रुपयांवरच थांबला आहे. तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी. राज्ये त्यात आपापल्या परीने भर घालतात, परंतु केंद्रापुरते बोलायचे तर हे दिवसाला दहा रुपये झाले. अंत्योदय योजनेत कुटुंबास महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते. डाळ, अंडे, दूध व भाजी यांची उणीव राहतेच.

मग पैसा आहे कोठे? महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांच्या कल्याणावर खर्चावेत असा नियम आहे. हा पैसा वर्षअखेरीस, मार्च महिन्यात, घाईघाईने वस्तूवाटपात जाण्याकडे कल असतो. त्याचे कारण कार्यालयीन कामाची रीत ठाऊक असणाऱ्यास सहज उमगेल. वस्तू मोजता येते, तिची पावती फाइलीस लागते, आणि पुढील वर्षाचे बंधन राहत नाही. जेवण हा आवर्ती खर्च. तो एकदा सुरू केला, की थांबवणे क्रूर ठरते; म्हणून तो सुरूच न करण्याकडे सावध अधिकाऱ्याचा ओढा असतो.

समजा, एका गावाचे स्वतःचे उत्पन्न दहा लाख आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे पन्नास हजार. गावात गरजू प्रौढ अपंग बारा असले, तर वर्षातील तीनशे दिवसांसाठी माणशी सुमारे चौदा रुपये येतात. धान्य शिधापत्रिकेवरचे आणि चूल अंगणवाडीची असली, तर या चौदा रुपयांत डाळ व भाजी निघू शकेल, कधीमधी अंडेही. लहान गावांना हे झेपणार नाही. त्यांची तूट जिल्हा परिषदेने वा राज्याने भरून काढावी. आणि रांधणाऱ्या बाईचा मोबदला निराळा धरावा. तो तिच्या सेवाभावावर सोडू नये.

हे स्वप्नरंजन नव्हे. तामिळनाडूने १९८२ साली मुलांसाठी मध्यान्ह भोजन व्यापक केले आणि पुढच्याच वर्षी वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही त्या पंक्तीस बसवले. चूल एकच, जेवणारे वाढले. केरळाने २००८ साली परिहारसेवेचे धोरण ठरवले, आणि तेथील पंचायतींच्या परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. या दोन्ही वाटा एकत्र आणणे शक्य आहे. जो येऊ शकतो त्याच्यासाठी पंगत, जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी डबा, आणि डबा नेणाऱ्याबरोबर महिन्यातून एकदा परिचारिका.

आयते मिळाले तर माणूस परावलंबी होतो, अशी शंका काही सुज्ञ मंडळी काढतील. ज्याला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, त्याच्यापुढे स्वावलंबनाचे पाठ वाचणे व्यर्थ होय. आणि ज्याला काही करता येते, त्याच्या अंगी काम करण्याची ताकद तरी अन्नावाचून कोठून यावी? पंगतीत बसलेल्या चारचौघांची ओळखदेख होते, गावाला त्यांची नावे कळतात, एखाद्या दिवशी कोणी आले नाही तर चौकशी होते. घराच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाला ही चौकशीदेखील औषधासारखी आहे.

श्रोतेहो, आपण भोपाळात असा, बडोद्यात असा वा कोकणातील एखाद्या खेड्यात. आपल्या पंचायतीचे किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. अपंगांसाठी काही रक्कम राखली आहे काय, आणि गेल्या वर्षी ती कशावर खर्च झाली, एवढे दोन प्रश्न ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत अवश्य विचारावेत. उत्तर देण्यासाठी का होईना, कोणाला तरी ते पान उघडून पाहावे लागेल.