समुद्राला जायला कारण लागतं का?

(अंबरनाथ इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा'. मी म्हटलं, एवढं मोठं मला बोलता येणार नाही. आम्ही सहाजणी जानेवारी २०२४ मध्ये दोन दिवस समुद्रावर जाऊन आलो, ते सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगते.

सहाजणींपैकी दोघी बदलापूरच्या, तिघी अंबरनाथच्या, एक उल्हासनगरची. ओळख लेडीज डब्यातली. मी एमआयडीसीत पॅकिंगला जाते. काकू अंगणवाडीत आहेत. दीदी सिंधी, उल्हासनगरच्या कॅम्पात घरीच जीन्सच्या शिलाईचं काम घेतात. वहिनी एका दवाखान्यात आया आहेत. आणखी दोघी दुकानांत नोकरीला. नावं मुद्दामच घेत नाही, कारण पुढे कळेल.

एक दिवस गाडीत दीदींनी भाचीच्या मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. एक मुलगी लाटेवर फळी घेऊन उभी! ती होती इशिता मालवीय. मूळची मुंबईची, २००७ साली शिकायला मणिपालला गेली आणि तिथे सर्फिंग शिकली. भारतातली पहिली व्यावसायिक स्त्री सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. काकू म्हणाल्या, "ही कुठली परदेशातली नाही, आपल्या इथलीच आहे की!" तिथेच ठरलं, जायचं.

आता बघा, आपल्या भागात पाणी म्हणजे काय? नळाची वेळ, हंडे, टँकर. नाहीतर पूर. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीनं काय केलं ते इथल्या जुन्या बायकांना सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारभर माणसं बोटींनी बाहेर काढली. वालधुनीचं तर नावच काढू नका. पाणी भरायचं, वापरायचं, त्याला भ्यायचं. पाण्यात खेळायचं असतं हे आम्हां सहाजणींना कुणी शिकवलं नव्हतं. पोहायला एकीलाही येत नव्हतं. माझे दोन्ही भाऊ मात्र नदीत डुंबून पोहायला शिकले होते.

पैशाचा प्रश्न भिशीनं सुटला. जानेवारी २०२३ पासून प्रत्येकी महिना ३०० रुपये, वर्षाचे झाले २१,६००. हिशोब सांगते, कारण पुष्कळजणी विचारतात. रेल्वेचं स्लीपरचं जाऊन-येऊन भाडं सहाजणींचं ६,६००. एका रात्रीच्या दोन खोल्या ३,०००. जेवणखाण आणि बस ४,२००. सर्फिंगची शिकवणी चौघींनी घेतली, ती ६,०००. एकूण १९,८००. उरले १,८००.

पैसे जमले, पण परवानगी? घरोघरी एकच प्रश्न, "कशाला?" लग्नाला जा, बाळंतपणाला जा, देवाला जा, मोर्चालासुद्धा जा; कारण सांगता येतं. समुद्रावर कशाला? माझा नवरा भांडला नाही. तो म्हणाला, "दोन दिवस जेवणाचं काय?" मी म्हटलं, दोन दिवस तुम्ही बघा. माझ्या मुलीनं विचारलं, "आई, तू पिकनिकला चाललीस?" तिला गंमत वाटली. आईनं पिकनिकला जायचं असतं हे तिच्या कल्पनेत नव्हतं, आणि ते मीच तिला शिकवलं होतं.

सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात दिसलं, घरातलं बिनपगारी काम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालते, असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं. पाच तास कुठे, दीड तास कुठे! आपण समान वेतन मागितलं. समान विसावा मागायचं आपल्यालाही सुचलं नाही.

वहिनींनी घरी सांगितलं, "उडुपीच्या कृष्णाच्या दर्शनाला चालले." लगेच परवानगी मिळाली, वर सासूबाईंनी देवापुढे ठेवायला एकवीस रुपये दिले. आम्ही हसलो. ते हसणं पुढे महागात पडलं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ठाण्याला मत्स्यगंधा पकडली. पहाटे उडुपी. खरंच दर्शन घेतलं, एकवीस रुपये ठेवले. मग बसनं मुल्कीला. एक गंमत सांगते. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारी बसमध्ये बाईला तिकीटच नाही. पण ते त्या राज्यातल्या बायकांना, आणि त्या किनाऱ्यावर गाड्या बहुतेक खाजगीच. आम्ही पूर्ण तिकीट काढलं. पण एक कळलं. बाईचं भाडं कमी करणं हा मेहेरबानीचा विषय नाही, बाई घराबाहेर पडते की नाही याचा तो विषय आहे.

मुल्की छोटं गाव आहे. तिथे शांभवी नदी समुद्राला मिळते. एका अमेरिकन साधूनं तिथे आश्रम काढला, त्यातून सर्फिंग सुरू झालं. आता किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं शिकवणीचं काम करतात.

शिकवणाऱ्या मुलानं आधी वाळूवरच फळीवर पालथं झोपवलं. हातांनी वल्हवायचं, तळवे छातीशी टेकायचे, अंग उचलायचं आणि एका दमात उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडे बघितलं की पडलात. फळीची दोरी घोट्याला बांधलेली, म्हणजे पडलं तरी फळी लांब जात नाही. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या लाटेवर तो मागून ढकलायचा.

कपड्यांचा प्रश्न आलाच. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट तिथे मिळाला, खाली आमच्या सलवारी. काकू सत्तावन्न वर्षांच्या. त्यांनी शिकवणी घेतली नाही, साडीचा काष्टा मारून पाण्यात बसून राहिल्या. म्हणाल्या, "लाट अंगावर येते तेव्हा कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. बरं वाटतं." मी अकरा वेळा पडले. दीदी दोन सेकंद उभ्या राहिल्या. वहिनी चांगल्या मोठ्या लाटेवर उभ्या राहिल्या, पार वाळूपर्यंत आल्या आणि ओरडल्या. वीस वर्षं गाडीत एकत्र जातो, तसा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी त्या क्षणाचा फोटो काढला. ओले कपडे, सुटलेले केस, उघडलेलं तोंड. इतका सुंदर फोटो! संध्याकाळी मी तो आमच्या गाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वहिनींना विचारलं नाही. ग्रुपमध्ये चाळीस बायका. त्यातल्या कुणीतरी पुढे पाठवला. सोमवारी पहाटे आम्ही ठाण्याला उतरलो, त्याआधीच तो वहिनींच्या घरी पोचला होता.

मग जे झालं ते सगळं मी इथे सांगणार नाही, तो त्यांचा हक्क आहे. एवढं सांगते, त्यांचा मोबाईल काढून घेतला गेला, भिशी बंद झाली, आणि महिनाभर नवरा त्यांना स्टेशनवर सोडायला आणि आणायला यायला लागला. आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "तुम्ही आत्ता येऊ नका. मी बघते." आपण संघटनेच्या बायका, दुसरीच्या घरचं भांडण सोडवायला धावतो. इथे भांडण मीच नेऊन पोचवलं होतं.

ग्रुपमध्ये दोन मतं पडली. एक म्हणाली, खोटं बोलल्यावर असंच होणार. मला ते पटत नाही. खरं सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या. ज्या घरात देवाच्या नावानंच दार उघडतं, तिथे बाई देवाचं नाव घेणार. दोष दाराचा आहे. पण माझाही आहे. आपण बलात्काराच्या, छेडछाडीच्या प्रश्नावर बाईच्या संमतीबद्दल बोलतो. मैत्रिणीच्या फोटोला तिची संमती लागते, हे मला त्या आनंदात सुचलं नाही.

दोन महिन्यांनी वहिनी पुन्हा आमच्या डब्यात चढल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फोटो आहे ना अजून? पुसू नकोस. पण कुणाला दाखवू नकोस." फोटो माझ्याकडे आहे. आज इथे मागितला तरी मी दाखवणार नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२४ आला. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेला अत्याचार आणि २० तारखेचं रेल्वे रोको तुम्ही पाहिलंत, काहीजणी रुळांवर होतात. त्या संतापानंतर घरोघरी काय झालं? आमच्या वस्तीत दोन मुलींचे संध्याकाळचे क्लास बंद झाले. मुलांचा एकही बंद झाला नाही. गुन्हा शाळेच्या आत झाला, आणि कुलूप मुलींच्या बाहेर पडण्याला लागलं. म्हणून मला आज ही सहलीची गोष्ट सांगावीशी वाटली. सुरक्षितता मागताना आपण मोकळीक सोडून देतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हेच मांडलं, की बाईला काहीही कारण नसताना बाहेर रेंगाळता आलं पाहिजे. मी ते पुस्तक नंतर ऐकलं. काकू ते पाण्यात बसून आधीच सांगून गेल्या होत्या.

उरलेले १,८०० रुपये म्हणजे सहाजणींचा पुढच्या भिशीचा पहिला हप्ता. वहिनींचे तीनशे आम्ही परत केलेले नाहीत, आणि त्यांनी मागितलेले नाहीत. नव्या भिशीचे नियम तीन. फोटो ज्याचा त्याच्या परवानगीनं. घरी काय सांगायचं ते जिचं तिनं ठरवायचं, कुणी हसायचं नाही. आणि परत आल्यावर जिच्या घरी त्रास होईल तिच्यासाठी काय करायचं, हे निघायच्या आधी तिलाच विचारून ठेवायचं.

माझी मुलगी या वेळी येणार म्हणते. तिला आधी पोहायला शिक म्हटलंय. मीही तिच्याबरोबर नाव घातलंय. चहाच्या वेळी मी दाराजवळ वही घेऊन बसते. महिना तीनशे. कारण विचारणार नाही.